मदत हवी आहे: नर्सिंगनंतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून समुपदेशनात जाता येईल का?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे. आज स्वतःसाठी विचारते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएम (नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम) झालेली परिचारिका, वय ३६. सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी रुग्णालयात ६ वर्षं वॉर्डात काढली, आता ७ वर्षं डायलिसिसला आहे. डायलिसिसला पेशंट आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो आणि दर वेळी साधारण ४ तास मशीनला असतो. वर्षानुवर्षं तीच माणसं. डॉक्टर राउंडला येऊन जातात, ते ४ तास आम्हीच जवळ असतो. सुया टोचून, चिकटपट्टी लावून पंप सुरू केला की माणूस हळूहळू बोलायला लागतो. सोसायटीच्या कर्जाचं, सुनेचं, रात्री झोप लागत नाही त्याचं.

एक काका मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या पाळीत होते. शनिवार हमखास चुकायचा. मग अंगात पाणी साठून मंगळवारी यायचे ते साडेचार किलो वजन वाढलेलं, पाय सुजलेले, धाप लागलेली. सगळे त्यांना बोलायचे. मीही बोलले आहे, "काका, पाणी कमी प्या म्हणून किती वेळा सांगायचं?" एका दुपारी गर्दी नव्हती, स्टूल ओढून बसले आणि विचारलं, शनिवारी नक्की होतं काय? तर ते दुधाच्या टेम्पोतून यायचे आणि शनिवारी तो टेम्पो दुसरीकडून जायचा. एसटीसाठी फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालवत नव्हतं आणि मुलाला "सोडायला चल" म्हणायचा संकोच. त्यांची पाळी सोमवार-बुधवार-शुक्रवार करून घेतली. खाडे थांबले, वजन आटोक्यात आलं. औषध एकही बदललं नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. एका तरुण पेशंटच्या प्रत्यारोपणाचं घरात ठरतंय. किडनी बायको देणार, हे सासरच्यांनी धरूनच चाललंय. मी हात धूत होते तेव्हा ती शेजारी येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, मी नको म्हटलं तर चालतं का हो?" नळ चालूच होता. मला काही सुचलं नाही. "डॉक्टरांना विचार ना," एवढंच म्हणाले. ती मान हलवून आत गेली, पुन्हा तिने विषय काढला नाही. आमच्याकडे समुपदेशक नाही, समाजसेवा विभाग नाही. तिने मला विचारलं कारण विचारण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं, आणि मी तिला परत पाठवलं.

म्हणून एमएसडब्ल्यू करायचं मनात आहे. पण जीएनएम ही पदविका आणि एमएसडब्ल्यूला पदवी लागते. मग आधी पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करू की मुक्त विद्यापीठातून बीए? नोकरी सोडणं परवडणार नाही, मुलगी पाचवीत आहे. आणि मुख्य म्हणजे नर्सिंग आणि समाजकार्य दोन्ही कामी येतील अशी पदं खरंच असतात का, की एक सोडून दुसरं धरावं लागतं? या वाटेने गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

ताई, दोन्ही कामी येतील असं एक पद तुमच्या अगदी जवळ आहे, प्रत्यारोपण समन्वयक, म्हणजे दाता, रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला दुवा. मी आयसीयूतून या कामात आले. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीपासून समन्वयक नेमल्याशिवाय रुग्णालयाला प्रत्यारोपणाची नोंदणीच मिळत नाही. २०१४ च्या नियमांत पात्रता अशी आहे: वैद्यकीय पदवीधर, किंवा नर्स, किंवा कुठलाही पदवीधर, त्यातही समाजकार्य, समाजशास्त्र अशा विषयांत पदव्युत्तर असेल तर प्राधान्य. म्हणजे नर्स म्हणून तुम्ही आजही पात्र आहात. एमएसडब्ल्यू झालं तर बोलण्याला बैठक येईल.

आणि त्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर: हो, चालतं. संमती स्वखुशीचीच लागते आणि ती मागेही घेता येते. आम्ही दात्याशी एकांतात बोलतो, सासरचे-माहेरचे सगळे दाराबाहेर. मी आधी एवढंच सांगते की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. मग गप्प बसते. हे गप्प बसणं शिकायला मला फार वेळ लागला, कारण नर्सचा हात सतत काहीतरी करायला जातो. "द्या" किंवा "देऊ नका" हे आपण सांगायचं नाही. तिला भीती ऑपरेशनची आहे, पुढच्या बाळंतपणाची आहे की नकारानंतर घरात काय होईल याची, हे आधी कळू द्या.

प्रतिसाद: अभ्यासिका

मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. पोस्ट बेसिक बीएस्सी २ वर्षांचं आणि पूर्णवेळ. त्याने नर्सिंगमधली बढती सुधारते, त्यामुळे पगारी रजा मिळत असेल तर मी तेच सुचवेन. मिळत नसेल तर मुक्त विद्यापीठाची बीए आणि त्यानंतर एमएसडब्ल्यू. इग्नूमध्ये समुपदेशनाचं वेगळं एमएसडब्ल्यू आहे. पण दूरशिक्षण असलं तरी क्षेत्रकार्य (संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) चुकत नाही, त्यासाठी ड्यूट्यांची सोय आत्तापासून बघा.

एक सावधगिरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे सायकियाट्रिक सोशल वर्कर (मानसिक रुग्णांसोबत काम करणारा समाजसेवक) म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूवर त्याच विषयातलं २ वर्षांचं पूर्णवेळ एमफिल किंवा नियमांत ठरवलेली तशी पात्रता लागते. नुसत्या एमएसडब्ल्यूवर ती पाटी लावू नका. वैद्यकीय समाजसेवक म्हणून मात्र काम करता येतं, सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असतं.

आणि एक सोडून दुसरं धरावं लागेल असं मनात आणू नका. रुग्णालयातलं समाजकार्य उभं करण्यात नर्सचा मोठा वाटा आहे. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हे काम सुरू झालं तेव्हा पहिली नेमणूक गार्नेट पेल्टन या नर्सची होती. त्यांच्यानंतर तो विभाग वाढवला आयडा कॅनन यांनी, त्याही नर्स, पुढे समाजकार्य शिकलेल्या. तुमच्या त्या काकांचा टेम्पो हे तेच काम आहे.

प्रतिसाद: बाबांची मुलगी

माझे वडील ५ वर्षं डायलिसिसवर होते. घरी आम्हाला "बरं आहे" म्हणायचे, खरं काय ते सिस्टरला सांगायचे. ते गेल्यावर सिस्टरकडूनच कळलं की त्यांना शेवटी घरी राहायचं होतं. आधी कळलं असतं तर हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी केल्या असत्या. तुम्ही हे शिकाच, ताई.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांच्या मुलगी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

पगारी रजा मिळणार नाही, हे आज मेट्रनना विचारून घेतलं. म्हणजे बीएचा अर्ज. अभ्यासिकाताई, क्षेत्रकार्य स्वतः नोकरी करतो त्याच रुग्णालयात चालतं का, की दुसरी संस्था लागते? दुसरी लागणार असेल तर रातपाळ्या मागून घ्याव्या लागतील.

कृष्णाकाठताई, त्या दोघांच्या तपासण्या अजून चालू आहेत. ती उद्या सकाळच्या पाळीला नवऱ्याबरोबर येईल. मशीन लागलं की तिला चहाच्या निमित्ताने बाहेर घेऊन बसते. त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही, तिथूनच सुरुवात करते. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल का?