मदत हवी आहे: तूलूज ते भूमध्य समुद्र, कालव्याच्या काठाने सायकलवर

संथवाट:
नमस्कार. फ्रान्समधील तूलूज शहरातून निघून मिदी कालव्याच्या काठाने थेट भूमध्य समुद्रापर्यंत सायकलने जायचे आम्ही ठरवले आहे. कालवा २४० किलोमीटरचा आहे आणि आमच्या हाती सहा दिवस आहेत, म्हणजे रोजचे चाळीस किलोमीटर. तेवढे आम्हाला सहज जमते. अट एकच आहे, वाटेवर मोटारी नकोत. या वाटेविषयी जे वाचायला मिळाले त्यात एक जण तिची तोंड भरून स्तुती करतो, तर दुसऱ्याने ती अर्ध्यावर सोडून रेल्वे धरलेली असते. पॅरिस ते तूलूज गाडीत सायकलींची जागा उद्या रात्रीपर्यंत आरक्षित करायची आहे, म्हणून कृपया नेमके सांगावे: पूर्ण वाट चालवण्याजोगी आहे की नाही?

भीमथडी:
आहे. मी सप्टेंबर महिन्यात ती पाच दिवसांत पूर्ण केली आहे आणि पुन्हा करायची इच्छा आहे. सतराव्या शतकात पिएर-पॉल रिके यांनी १६६६ साली काम सुरू करून हा कालवा खोदला. १६८१ साली तो वाहतुकीला खुला झाला, पण त्याच्या काही महिने आधीच रिके वारले. बेझिएजवळची फोन्सेरान येथील लॉकची, म्हणजे दारे असलेल्या पाण्याच्या टाक्यांची, उतरंड, जिथे बोट एका टाकीतून दुसऱ्या टाकीत उतरत साडेएकवीस मीटर खाली येते, आणि त्याआधी लागणारा मालपासचा बोगदा ही दोन ठिकाणे चुकवू नयेत. खराब वाटेचा बाऊ करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पैलतीर:
मी नऊ वर्षे तूलूजमध्ये राहतो, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. नुसते "आहे" म्हणणे हे अर्धेच उत्तर झाले. तूलूजपासून पूर्वेकडे सुमारे पन्नास किलोमीटर, लोरागे भागातील बोटींच्या धक्क्याच्या थोडे पुढपर्यंत, वाट रुंद आणि डांबरी आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडली की तीच वाट बदलते. काही टप्पे आता खडी दाबून सुधारले आहेत, पण बऱ्याच ठिकाणी माती, सुटे दगड आणि चिनाराच्या कुळातील प्लेन वृक्षांची वर आलेली मुळे आहेत. मोटारी नसणे आणि वाट चांगली असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण कोणत्या महिन्यात जाणार, टायर किती रुंद आहेत आणि सोबत कोण आहे, हे कळल्याशिवाय कोणीही खात्रीचे उत्तर देऊ शकणार नाही.

दूरदेशी:
मुंबईहून सायकल आणणार असाल तर सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचे रिकामे खोके मागून घ्या, पेडल आणि हँडल काढून ठेवा, टायरमधील हवा थोडी कमी करा आणि मागच्या गिअरच्या सांध्याला जाड पुठ्ठा बांधा. परत येताना खोके मिळत नाही, म्हणून पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलात ते ठेवता येईल का हे आधीच विचारून घ्यावे.

संथवाट:
आम्ही पॅरिसलाच राहतो, सायकली इथल्याच आहेत आणि विमानाचा प्रश्नच येत नाही. महिना मे, दुसरा आठवडा. टायर ३२ मिलिमीटरचे. सोबत पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. मुलगी माझ्या सायकलीमागच्या ट्रेलरमध्ये बसते. गेली दोन वर्षे ती तशीच येते, त्यामुळे हे वेगळे लिहावे असे सुचलेच नाही. कृपया आता हो किंवा नाही सांगा.

पैलतीर:
मग माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण ट्रेलर आहे. पूर्वेकडच्या कच्च्या टप्प्यांवर सायकलींनी घासून वीतभर रुंदीची एकच चाकोरी पडलेली असते. आपले चाक त्या चाकोरीतून नीट जाते, पण ट्रेलरची दोन्ही चाके तिच्या बाहेर गवतावर धावतात. एक चाक झाडांच्या बुंध्यांकडच्या उंचवट्यावर चढते आणि दुसरे पाण्याकडच्या उतारावर, आणि मध्ये कठडा नाही. मी मित्राचा ट्रेलर त्या भागात चार किलोमीटर ओढला आहे. हाताच्या पंजासारखी पसरलेली मुळे दर पंधरावीस फुटांवर येत होती, आत बसलेल्या मुलाचे हेल्मेट मागच्या दांडीवर आपटत होते, आणि शेवटी आम्ही त्याला उतरवून चालत नेले. मेमध्ये पाऊस झाला तर त्याच मुळांवर ३२ मिलिमीटरचे टायर घसरतात.

भीमथडी:
ट्रेलर आहे हे आधी माहीत असते तर मी तसे लिहिले नसते. मी एकटा होतो आणि माझे टायर ४७ मिलिमीटरचे होते. तरीही वाटेतल्या कारकासोन शहरापासून पुढचा कालवा सोडून देणे मला जिवावर येते. मी बारामती भागात नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर सायकल शिकलो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाणी आणि समोर सपाट वाट. तोच अनुभव मला तिथे पुन्हा मिळाला. मुलीला घेऊन अवघड टप्पे रेल्वेने पार करता येणार नाहीत का?

डोंगररान:
कालव्याचा हट्टच का? डॅन्यूब नदीकाठची पासाऊ ते व्हिएन्ना ही वाट लहान मुलांच्या कुटुंबांसाठी आदर्श आहे. सुमारे तीनशे किलोमीटर, बहुतेक डांबरी, गावोगावी मुक्कामाची सोय आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेने हलका उतार. आम्ही सात आणि चार वर्षांच्या मुलांना घेऊन गेलो होतो.

संथवाट:
डॅन्यूब उत्तम असेल, पण आमची सुट्टी आणि आरक्षण तूलूजचे आहे. भीमथडी, गेल्या वर्षी एका रस्त्यावर मागून आलेल्या मोटारीच्या आरशाचा ट्रेलरच्या झेंड्याला धक्का लागला. मुलीला काही झाले नाही, पण तेव्हापासून पत्नी मोटारींच्या रस्त्यावर ट्रेलर नेऊ देत नाही, आणि तिचे बरोबर आहे. त्यामुळे स्थानकापासून कालव्यापर्यंतची वाटसुद्धा मला महत्त्वाची आहे. तूलूजला उतरून दुसरे काही करता येईल का?

पैलतीर:
येईल, आणि तिकीट बदलावेही लागणार नाही. तूलूजच्या पश्चिमेला गारोन कालवा आहे. तो १८५६ साली पूर्ण झाला, म्हणजे मिदीपेक्षा पावणेदोनशे वर्षांनी लहान. म्हणून लोक त्याला दुय्यम मानतात. पण त्याच्या काठची वाट जवळजवळ सलग डांबरी आहे. तूलूजहून प्रादेशिक गाडीने एजनला जा. तिथे स्थानक कालव्याला लागूनच आहे. पहिल्या संध्याकाळी सामान ठेवून गारोन नदीवरच्या कालव्याच्या पुलावर जाऊन या. ५३९ मीटर लांब, २३ कमानींचा हा पूल नदीच्या वरून बोटी नेतो. खाली नदी वाहते, बाजूला कालव्याचे पाणी असते आणि मधून आपली अरुंद वाट जाते. तिथे मात्र मुलीला उतरवून चालत न्या.

एजन ते तूलूज १०७ किलोमीटर आहे. चाळिसाचे दोन दिवस आणि उरलेल्या सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा तिसरा सावकाश दिवस पुरेल. म्वासाक गावी मुक्काम करावा. तिथल्या मठाचा ओवऱ्यांचा चौक इसवी सन ११०० मधील आहे आणि त्याच्या ७६ स्तंभशीर्षांवर कोरीव काम आहे. मोंटेश येथे पाण्याची घसरण पाहावी. १९७४ साली बांधलेल्या या उतारावर दोन इंजिने पाण्याचा एक तुकडा ढकलत बोटीला पाच लॉकइतकी उंची एकदम चढवत असत. आता ती चालत नाही, पण माझ्या भाच्यांना तिथून हलवणे कठीण झाले होते.

उरलेल्या दिवसांत तूलूजहून मिदीच्या त्या पन्नास डांबरी किलोमीटरवर जा. थोडे पुढे नोरूझचा उंचवटा आहे, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. काळ्या डोंगरातून आणलेले पाणी तिथे कालव्यात सोडले जाते, आणि ते एकीकडे अटलांटिककडे, दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे वाहते. रिके यांची सारी युक्ती त्या एका जागी समजते. परतीला आव्हिन्योने-लोरागेहून रेल्वे मिळते.

डोंगररान:
सपाट वाटेबद्दल एक सावधगिरी सांगतो. कालव्याला उतार नसल्यामुळे पाय मारणे कधीच थांबत नाही आणि बैठक दुखते. दर तासाला उतरून चालावे.

भीमथडी:
वाऱ्याचेही पाहावे. आग्नेयेकडून येणारा ओतां वारा सुटला की दोनदोन दिवस थांबत नाही आणि नोरूझकडे जाताना तो थेट तोंडावर येतो. तसा दिवस असेल तर सकाळी रेल्वेने आव्हिन्योनेला जाऊन तूलूजकडे परत चालवत या. आणि मिदीवर सावली सर्वत्र असेल असे धरून चालू नका. बुरशीच्या रोगामुळे २००६ पासून हजारो प्लेन वृक्ष तोडावे लागले आहेत, आणि नव्या झाडांची सावली अजून पडत नाही.

संथवाट:
एजनचे ठरवले. पत्नीला वाचून दाखवले, तिलाही पटले. आता शेवटचे: गाडीत ट्रेलरचे काय करतात? आरक्षणात फक्त सायकल विचारतात.

पैलतीर:
चाके काढा, घडी घाला, पिशवीत बांधा आणि सामान म्हणून डब्यात न्या. मित्राने नेहमी तसेच नेले आहे. आपला ट्रेलर किती रुंद आहे हेही मोजून ठेवा. मोटारसायकली अडवण्यासाठी वाटेच्या तोंडाशी काही ठिकाणी आडवे खांब लावलेले असतात, आणि मित्राचा ८० सेंटिमीटरचा ट्रेलर त्यांतील एकातून जेमतेम, हाताने तिरका करून, निघाला होता. लहान गावांत दुकाने दुपारी बारानंतर दोन तास बंद असतात, म्हणून मुलीचे जेवण सकाळीच बरोबर घ्यावे.

संथवाट:
मोजला, ७८ सेंटिमीटर आहे. सायकलींचे आरक्षण आत्ताच केले.