तळ्याकाठच्या घराजवळ शेड बांधायची आहे, नियमांबद्दल मदत हवी आहे
विस्कॉन्सिनमध्ये लेकला लागून घर घेतलंय, आता कयाक आणि बागेचं सामान ठेवायला एक छोटी शेड बांधायची आहे. स्टेटच्या नियमाप्रमाणे पाण्याच्या नेहमीच्या उच्च पातळीच्या खुणेपासून ७५ फूट अंतर सोडावं लागतं, आणि आमचा प्लॉट एवढा अरुंद की मागे सेप्टिक टँकची जागा सोडून काही उरतच नाही. बोटहाउसला आणि बाजूंनी उघड्या गझिबोला (बागेतल्या छपराच्या मंडपाला) सूट आहे, गझिबोला ३५ फुटांपलीकडे, तेही २०० स्क्वेअर फुटांपर्यंत, पण बंद शेडचं काय? काठावरची झाडं मला अजिबात तोडायची नाहीत. ती खुणेची रेषा कोण आखून देतं, आणि काउंटीकडून (स्थानिक प्रशासनाकडून) व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून खास सवलत, कोणाला मिळालाय का? प्लीज सांगा.