मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर अरीना शूटर

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला राहतो. दिवाळीत कॉलेजातली भाचरं येतायत, घरातले जुने लॅपटॉप एका राउटरवर जोडून त्यांच्यासोबत खेळायचंय.

१९९९ चा 'क्वेक ३ अरीना' हा अरीना शूटर (म्हणजे बंदिस्त मैदानात एकमेकांवर गोळ्या झाडायचा गेम) मला आजही भारी वाटतो. पायाशी रॉकेट मारून उडी घ्यायची, थोडी हेल्थ जाते, पण वरच्या कठड्यावरचं चिलखत आपलं! पंचाईत अशी, की उचललेलं चिलखत ठरावीक वेळाने त्याच जागी परत येतं, आणि ते कधी येणार हे पाठ असलेला खेळाडू नवख्याला धुऊन काढतो. वन-ऑन-वनमध्ये खापर टीमवर फोडायचीही सोय नाही. (बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये निदान गवतात लपता येतं.)

क्वेकमधला हँडिकॅप (खेळाडूची ताकद मुद्दाम कमी करायची सेटिंग) कोणी वापरलाय का? जाणत्याला किती लावावा? आणि फुकटातला 'झोनोटिक' हा तसाच गेम ग्राफिक्स कार्डाशिवाय धड चालतो का?