हार्ड डिस्क दर मिनिटाला 'टक' करते, काय करू?

लॅपटॉपवर लिनक्स टाकल्यापासून नुसतं वाचत बसलं तरी डिस्कमधून 'टक' असा आवाज येतो आणि पुढची फाइल उघडताना सगळं क्षणभर अडकतं. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिचे) आकडे काढले: डिस्क चालू २,९०० तास आणि लोड सायकल काउंट (वाचणारं-लिहिणारं हेड बाजूला जाऊन परत येण्याची मोजणी) २,१२,०००! म्हणजे तासाला ७३. या डिस्कची मर्यादा ६ लाख सांगितली आहे. डिस्क बदलू की सेटिंगने भागेल?

प्रतिसाद १
बदलू नका, डिस्क धडधाकट दिसतेय. काही सेकंद काम आलं नाही की फर्मवेअर (डिस्कमधलाच प्रोग्रॅम) हेड उचलून तबकडीबाहेरच्या रॅम्पवर नेऊन ठेवतं, म्हणजे पार्क करतं. इकडे ऑपरेटिंग सिस्टिम थोड्या थोड्या वेळाने लॉग लिहीत असते, की हेड परत खाली. दोघांचा मेळच बसत नाही.

एचडीपार्म या कमांडने एपीएमची (डिस्कच्या वीजबचतीची) पातळी आधी वाचून पाहा. १ ते १२७ असेल तर डिस्कला फिरणं थांबवायची मुभा असते. १२८ ते २५४ मध्ये ती नसते, पण १२८ वर हेड पार्क होणं सुरूच राहू शकतं. म्हणून २५४ द्या. २५५ म्हणजे एपीएम पूर्ण बंद, पण ते प्रत्येक डिस्क ऐकतेच असं नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण हे सेटिंग डिस्कची वीज गेली की पुसलं जातं. सस्पेंडमधून उठल्यावर जरूर तपासा, माझे दोन आठवडे यातच गेले. एचडीपार्मच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवा. टीएलपी (लॅपटॉपची वीज वाचवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर तिथेच लिहा, दोन्हीकडे नको. आणि बॅटरीवर मी तरी १२८ च ठेवतो. लॅपटॉप हातात घेऊन फिरताना हेड पार्क झालेलं बरं.

प्रतिसाद ३
एपीएम नाहीच असं उत्तर आलं तर? वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या ग्रीन डिस्कमध्ये हेड पार्क करायचा ८ सेकंदांचा वेगळा टायमर असतो. तो आयडलथ्री-टूल्स या प्रोग्रॅमने बदलतात आणि त्यानंतर मशीन पूर्ण बंद करावं लागतं, नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. हात लावण्याआधी बॅकअप घ्या, कृपया.

धागाकर्ता
एपीएम १२८ च होतं! २५४ केलं, तीन तासांत काउंट फक्त २ ने वाढला. सस्पेंडनंतर खरंच परत १२८ झालं होतं, ते टीएलपीत लिहिलं. तापमान ३८ वरून ४१ अंशांवर गेलंय, आठवडाभर नजर ठेवून इथेच कळवतो. तिघांचेही मनापासून आभार.