महाजनपण मुलग्यांना, म्हणून कुळागरात मुलीला वाटा नाही?

फोंडेकरीण:
वडील वारले. मागे आई, दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी. देवळाच्या महाजनांत, म्हणजे देवळाच्या हक्काच्या सभासदांत, फक्त मुलग्यांची नावं. त्यावरून घर नि कुळागरही (सुपारी-नारळाची बाग) त्यांचंच, मुलीनं रिलिंक्विशमेंट डीडवर (हक्क सोडल्याच्या दस्तावर) सही करावी, असा आग्रह चाललाय. लग्नात सोनं दिलं तोच वाटा, असंही ऐकवतात. सही केली तर काय होईल?

नोटरीचा कारकून:
सही करायची घाई नको. महाजनपण 1933 च्या देवस्थान रेग्युलेशनवर आणि त्या देवळाच्या कोंप्रोमिसवर (देवळाच्या लेखी नियमावलीवर) चालतं, त्याचा वारसाहक्काशी संबंध नाही. गोव्यात मुलगा-मुलगी समान वारस. लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर निम्मी मालमत्ता मुळातच आईची. उरलेल्या निम्म्याचे तीन समान भाग, म्हणजे मृत्युपत्र नसल्यास मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला एकूण मालमत्तेचा सहावा हिस्सा. मृत्युपत्र असलं तरी वडिलांच्या भागातला अर्धा मुलगे-मुलींसाठी राखीवच राहतो.
सही एकदा झाली की मागे घेता येत नाही, फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, आणि ते फार कठीण. 'घर सोडते, कुळागर ठेवते' असंही चालत नाही. मुलीचं लग्न समाईक मालमत्तेच्या पद्धतीचं असेल तर नवऱ्याचीही सही लागते.
सोन्याचा हिशेब धरायचा तर मुलग्यांना वडिलांनी दिलेलंही धरा.

डिचोलीवाली:
आधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद) काढा. कब्जेदाराच्या रकान्यात वडिलांचं नाव आहे का? कुळागर देवस्थानचं आणि वडील कुळाच्या रकान्यात असतील तर प्रश्न वेगळा, वकिलाला तो उतारा दाखवूनच विचारा. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आई-वडिलांच्या लग्नाची नोंद, सर्व मुलांचे जन्मदाखले गोळा करा. सक्सेशन डीडमध्ये (वारस कोण ते सांगणाऱ्या दस्तात) मुलीचं नाव वगळलेलं नाही ना, हे सहीआधी वाचा. बरेचदा घोळ इथेच होतो: 'वारस दोन मुलगे' असं साक्षीदार सांगतात आणि डीड तशीच होते.

नोटरीचा कारकून:
खरंय. एकमत होत नसेल तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा दावा, लावता येते. तिथे मालमत्तेची यादी होते, वारसांत बोली लागते आणि घर ज्याला हवं तो बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. घर मोडायचं नसेल तर भावांनी हाच रस्ता धरावा, बहिणीला रिकाम्या हातानं पाठवू नये.

डिचोलीवाली:
आणि देवळातलं नाव हवं असेल तर ते वेगळं काम. महाजनांच्या सभेत कोंप्रोमिस बदलण्याचा ठराव आणि मग सरकारी मंजुरी. तेही मागावं, वाट्याच्या बदल्यात नव्हे.