हागीच्या कपातून चहा पाझरतोय. तडा गेलाय का?

निशिगंध (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. माझा भाचा नोकरीनिमित्त हिरोशिमात असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने हागी गावातल्या एका कुंभाराकडून घेतलेला हातघडणीचा कप आणला. कपाला कान नाही. रंग फिकट गुलाबी, एका अंगाला दुधी झाक, आणि बुडाच्या कडेला मुद्दाम कापलेली खाच. मला फार म्हणजे फारच आवडलाय.

पण ग्रीन टी ओतून थोडा वेळ ठेवला की टेबलावर ओलं वर्तुळ उमटतं. आतल्या बाजूला केसाएवढ्या बारीक रेषांची जाळी दिसायला लागली आहे आणि तिच्यात चहाचा रंग उतरलाय. कपाला तडा गेलाय का? आणि आमच्याकडे दिवसभर आल्याचा दुधाचा चहा चालू असतो, तो यात घेतला तर चालेल का? भाच्याला विचारलं तर त्याला उगाच वाईट वाटेल, म्हणून इथे विचारते.

उबेकर

निशिगंधताई, काळजी करू नका, कप धडधाकट आहे. मी यामागुची प्रांतातच, उबेला राहते. हागी इथून डोंगर ओलांडून पलीकडे, समुद्राच्या काठी. माझ्या घरात रोजच्या वापरात हागीचेच कप आहेत आणि सुरुवातीला सगळेच पाझरले.

ही माती मुळातच सच्छिद्र. दाइदो नावाची पांढरट, वाळूमिश्रित माती, तिच्यात थोडी मिताकेची आणि कधी मिशिमा बेटावरची लोहाची लाल माती मिसळतात. भट्टीत ती पोर्सिलेनसारखी काचेइतकी घट्ट होऊ देत नाहीत. आपला माठ पाझरतो त्याच कारणाने तुमचा कप पाझरतोय. वरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकाकता थर, आणि आतली माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून ग्लेझला ती जाळी पडते. जाळीतून चहा आत मुरतो आणि वर्षानुवर्षं वापरल्यावर कपाचा रंग पालटत जातो. गुलाबी रंग मधासारखा गडद होतो, दुधी भागात तपकिरी नक्षी उमटते. हागीची सात रूपं म्हणतात ती हीच. जपानी चहा-समारंभवाल्या लोकांची भांड्यांच्या प्रकारांची जुनी क्रमवारी आहे: पहिलं राकू, दुसरं हागी, तिसरं कारात्सू. हागीला दुसरा मान मिळण्यात या पालटणाऱ्या रंगाचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

आता उपाय. एका पातेल्यात गार पाण्यात कप बुडवा, त्यात तांदळाची पातळ पेज घाला आणि अगदी मंद आचेवर उकळी येऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी गॅस बंद करा. कप त्याच पाण्यात पूर्ण निवू द्या. घाईने बाहेर काढून गार पाण्याखाली धरलात तर मात्र खरंच तडकेल. मग धुऊन दोन दिवस हवेशीर जागी उपडा न घालता, आडवा ठेवून वाळवा. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो आणि पाझर कमी होतो. एकदम थांबला नाही तर वापरता वापरता थांबेल.

रोज चहा ओतण्याआधी कप साध्या पाण्यातून बुचकळून काढा. माती आधी पाणी पिते, मग चहा कमी शोषते आणि डाग हळूहळू, एकसारखे चढतात. वापरल्यावर कोमट पाण्याने हातानेच धुवा, साबणाच्या पाण्यात भिजत घालू नका. मायक्रोवेव्ह नको.

दुधाचा चहा मात्र यात कृपया घेऊ नका. दुधातली साय आणि प्रथिनं मातीत जाऊन बसतात, मग आंबूस वास धरतो आणि तो सहजी जात नाही.

त्या खाचेबद्दल. दुकानांत एक गोष्ट सांगतात, की चांगली भांडी फक्त सरदारांसाठी असत, म्हणून कुंभार बूड कापून ती मुद्दाम सदोष करत, म्हणजे सामान्य माणसाला विकता येत. मला ती पटत नाही. अशी खाच कोरियातल्या जुन्या वाडग्यांना आधीपासून आहे, आणि हागीची कला तिथूनच आली. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1592 ते 1598 दरम्यान कोरियावर स्वाऱ्या केल्या, त्यात कुंभारांना धरून जपानला आणलं. 1600 मधल्या सेकिगाहाराच्या लढाईत हरल्यावर मोरी तेरुमोतो या सरदाराचा मुलूख कमी झाला आणि 1604 मध्ये तो हागीला आला, तेव्हा री आडनावाचे दोन कोरियन भाऊ त्याच्या आश्रयाला होते. त्यांनी इथे भट्ट्या लावल्या. धाकट्याला पुढे साका कोराइझाएमोन हे नाव मिळालं आणि ते त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलं. घरापासून तोडून आणलेल्या माणसांच्या हातची ही रीत आहे. त्या खाचेकडे बघताना मला दुकानातल्या गोष्टीपेक्षा हे आठवतं.

चाकावरची माती (पुणे)

उबेकरताईंनी सगळं नीट सांगितलंय. मी स्टुडिओत स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली मातीची भांडी करतो, म्हणून एक भर. तडा ओळखायला लोक टिचकी मारून नाद ऐकतात. हागीच्या बाबतीत ते निरुपयोगी, कारण मऊ भाजलेल्या मातीचा नाद मुळातच बद्द असतो. त्याऐवजी नख फिरवा. जाळी नखाला लागत नाही. तडा नखाला अडतो आणि आतली रेष बाहेर त्याच जागी दिसते.

आणि ताई, डोंबिवलीचा पावसाळा लक्षात ठेवा. ओलसर कप बंद कपाटात गेला की बुरशी आलीच. जून ते सप्टेंबर उघड्या फळीवर ठेवा. काळे ठिपके दिसले तर परत मंद उकळून कडक उन्हात वाळवायचा.

निशिगंध (डोंबिवली)

दोघांचे मनापासून आभार! नख कुठेच अडलं नाही. पेजेचा प्रयोग रविवारी करते. अजून एक विचारू का? आमच्या यजमानांना जपानी कपातच आल्याचा चहा हवाय. त्यांच्यासाठी काय मागवू? आणि एवढा नाजूक असेल तर हा हागीचा कप सणासुदीलाच काढावा का?

उबेकर

नाही हो ताई, रोज काढा. कपाटात ठेवलेला हागी आहे तसाच राहतो, त्याचा रंग चहाशिवाय पालटत नाही. सकाळचा एक ग्रीन टी त्याच्यात घ्या, तेवढं पुरे. सेन्चा, म्हणजे पानांचा जपानी ग्रीन टी, असेल तर उकळतं पाणी नको, 70-80 अंशांवर उतरू द्या. कान नसलेला कप तेव्हाच हातात धरवतो.

यजमानांसाठी भाच्याला अरिताचं पोर्सिलेन आणायला सांगा. क्यूशू बेटावरचं हे गाव, तिथे 1616 पासून पोर्सिलेन भाजतात असं मानलं जातं. पांढऱ्यावर निळी नक्षी, घट्ट, थेंबभर पाझरत नाही. आलं, वेलची, दूध, काहीही ओता, वास धरत नाही. फक्त कान असलेला घ्यायला सांगा, आपला चहा कढत असतो.