मदत हवी आहे: १९१९ सालीच केंद्र आणि प्रांतांत विषय वाटले होते, मग १९३५ मध्ये नवीन काय?

राज्यसेवेची तयारी करतोय. १९१९ च्या माँटफर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणांनी केंद्रीय आणि प्रांतिक विषय वेगळे केले, इथवर ठीक. मग १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या विषयांच्या तीन सूच्यांचं एवढं कौतुक का? दोनाच्या तीन झाल्या, एवढंच? शिवाय माझ्या नोट्समध्ये 'राखीव खाती म्हणजे केंद्राची' असं आहे आणि त्याच पानावर पोलीस हा प्रांतिक विषय! कोणी समजावेल का? कलमांच्या याद्या नकोत, त्या आहेत माझ्याकडे.

उत्तर:
नोट्समधली ती ओळ आधी खोडा. राखीव आणि सोपीव ही वाटणी प्रांताच्या आतली. पोलीस, जमीनमहसूल राखीव, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे; शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य मंत्र्यांकडे. कारभार कोणी पाहायचा, एवढाच तो प्रश्न. कायदे दोन्हींचे त्याच प्रांतिक परिषदेत व्हायचे. अर्थात राखीव विषयाचं विधेयक परिषदेने फेटाळलं तरी गव्हर्नर ते स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शके. (मुंबई इलाख्यात जंगल खातं सोपीव होतं, बहुतेक प्रांतांत राखीव. लक्षात ठेवा.)

आता खरा मुद्दा. १९१९ ची केंद्र-प्रांत विभागणी मूळ कायद्यात नव्हती, त्याखालच्या नियमांत होती. मध्यवर्ती कायदेमंडळाला प्रांतिक विषयावर कायदा करायला मज्जाव नव्हता. एकाने दुसऱ्याच्या विषयात हात घातला म्हणून कोर्टात दादही मागता येत नव्हती.

१९३५ मध्ये सूच्या कायद्यातच आल्या: संघाचे ५९ विषय, प्रांतांचे ५४, समवर्ती (दोघांनाही कायदा करता येईल असे) ३६. आणि हद्दीचं भांडण तोडायला फेडरल कोर्ट आलं. १९३८ चं मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं प्रकरण जरूर वाचा. प्रांताने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. केंद्राचं म्हणणं, हे तर अबकारी शुल्क (मालाच्या उत्पादनावरचा कर), आमच्या सूचीतलं. कोर्टाने प्रांताचा कायदा वैध ठरवला. १९१९ च्या चौकटीत असा खटला उभाच राहिला नसता.

प्रश्नकर्ता:
आता उलगडा झाला, आभार! शेषाधिकार, म्हणजे कोणत्याच सूचीत नसलेल्या विषयांवरचे अधिकार, मात्र १९३५ पासून केंद्राकडेच ना?

उत्तर:
नाही. ते केंद्राला द्यायचे की प्रांताला, हे गव्हर्नर जनरल त्या त्या वेळी स्वतःच्या मर्जीने ठरवणार होता. मुस्लिम नेत्यांना ते प्रांतांकडे हवे होते, हिंदू नेत्यांना केंद्राकडे. त्यातून काढलेली ही पळवाट. केंद्राकडे ते आले राज्यघटनेच्या अनुच्छेद २४८ ने.